प्रिटिअर आणि ईएसलिंट काढून बायोम आणलं: वापरून झाल्यावरचं मत

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. ईएसलिंट म्हणजे जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका शोधणारं साधन (लिंटर), प्रिटिअर म्हणजे कोडची मांडणी एकसारखी करणारं (फॉरमॅटर), आणि बायोम ही दोन्ही कामं एकटं करतं. प्रकल्प टाइपस्क्रिप्ट आणि रिॲक्टवर उभा असेल आणि ईएसलिंटसाठी तुम्ही स्वतः लिहिलेले नियम फारसे नसतील, तर बायोम बिनधास्त घ्या. सगळ्या स्टाइलशीट सॅसमध्ये (सीएसएसच्या विस्तारित भाषेत) असतील, मार्कडाउनचा (खुणा केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींचा) डोंगर असेल किंवा रिॲक्टऐवजी व्ह्यू वापरत असाल, तर जरा थांबा. माझ्याकडे देखभालीला असलेल्या बहुतेक रेपोंमधून (कोडच्या भांडारांमधून) मी जुनी जोडी काढून टाकली आहे. मोजक्या ठिकाणी तिच्यातलं एखादं साधन मुद्दाम ठेवलं आहे, ते का ते पुढे येईलच.

माझं काम म्हणजे फ्रंटएंडच्या बऱ्याच रेपोंची निगा राखणं. नवीन फीचर कमी लिहिते, इतरांचे पीआर (कोडमधले बदल सामील करण्याच्या विनंत्या) जास्त वाचते. पीआर उघडावा, भरमसाट ओळी बदललेल्या दिसाव्यात आणि त्यातल्या खऱ्या बदलाच्या ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाव्यात, बाकी सगळा स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांचा धुरळा, हे मी पुष्कळ सोसलं आहे. म्हणून या परीक्षणात फॉरमॅटिंगबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

जुन्या व्यवस्थेत काय काय होतं ते बघा. ईएसलिंट. त्याला टाइपस्क्रिप्ट वाचता यावं म्हणून टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) आणि प्लगइन (जोडभाग). रिॲक्टसाठी एक प्लगइन, हुक्ससाठी वेगळं, ॲक्सेसिबिलिटीसाठी आणखी एक, इम्पोर्ट तपासायला एक, ते इम्पोर्ट ओळीने लावायला अजून एक. फॉरमॅटिंगला प्रिटिअर. मग प्रिटिअर आणि ईएसलिंट एकमेकांच्या पायात पाय घालू नयेत म्हणून ईएसलिंट-कॉन्फिग-प्रिटिअर, ज्याचं एकमेव काम नियम बंद करणं. काही रेपोंत त्यावर कडी म्हणून ईएसलिंट-प्लगइन-प्रिटिअरही होतं, म्हणजे प्रिटिअरला ईएसलिंटच्या पोटात बसवून प्रत्येक चुकीच्या मोकळ्या जागेखाली लाल रेघ ओढायची. या मंडळींच्या आवृत्त्या प्रत्येक रेपोत निराळ्या. एकीकडे ईएसलिंटचं जुनं कॉन्फिग (सेटिंगची फाइल), दुसरीकडे नवं फ्लॅट कॉन्फिग. एका रेपोतून दुसऱ्यात गेलं की एडिटर सेव्ह करताना निराळंच वागायचा, आणि त्याचं कारण शोधायला कोणाला वेळ नसायचा.

हा गुंता कोणाच्या निष्काळजीपणातून झालेला नाही. निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये ईएसलिंट सुरू केलं तेव्हा लिंटर वेगळा आणि फॉरमॅटर वेगळा, ही वाटणी जावास्क्रिप्टच्या जगात रुळलेली नव्हती. अर्धविराम हवा की नको, इंडेंट किती, अवतरण एकेरी की दुहेरी, हे सगळे लिंटरचेच नियम. २०१७ मध्ये जेम्स लाँग यांचं प्रिटिअर आलं. ते तुमची मूळ मांडणी जवळजवळ बघतच नाही. कोडचं सिंटॅक्स ट्री (व्याकरणानुसार रचनेचं झाड) तयार करतं आणि ठरलेल्या रुंदीत बसेल असं सगळं नव्याने छापतं. आता एकाच ओळीवर दोघांचा हक्क. एकाने गाठ बांधायची, दुसऱ्याने सोडायची, आणि सेव्ह केलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरात ईएसलिंटने ८.५३ या आवृत्तीत आपले फॉरमॅटिंगचे नियम अधिकृतपणे निवृत्त केले आणि ते वेगळ्या 'स्टायलिस्टिक' प्रकल्पाकडे गेले. निर्णय योग्यच होता. पण तोवर हजारो कॉन्फिग फाइलींमध्ये ते नियम लिहून ठेवलेले होते, आणि रेपोतली कॉन्फिग फाइल सहसा कोणी पुन्हा उघडत नाही.

मध्यस्थ पॅकेजांचा आणखी एक धोका जुलै २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिला. ईएसलिंट-कॉन्फिग-प्रिटिअरच्या देखभालकर्त्याला फिशिंग मेलने गाठून कोणीतरी त्या पॅकेजच्या विषारी आवृत्त्या एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर) चढवल्या. विंडोजवर इन्स्टॉल होताना त्या एक घातक डीएलएल चालवत होत्या. नुसती नियमांची यादी असलेलं पॅकेज, आणि तरी घरात शिरायला तेवढी वाट पुरली. बायोमही एनपीएमवरूनच येतं, त्यामुळे ते या धोक्याच्या पलीकडे आहे असं मी म्हणणार नाही. पण जिथे डझनभर दारं होती तिथे आता एक मुख्य पॅकेज आणि तुमच्या मशीनपुरता एक बायनरी (थेट चालणारा प्रोग्रॅम) एवढंच आहे. सुरक्षेचं ऑडिट करणाऱ्या माणसाला हा फरक फार समजावून सांगावा लागत नाही.

बायोमची कुळकथा थोडक्यात. बेबल आणि यार्न ही जावास्क्रिप्टची साधनं ज्यांनी सुरू केली त्या सेबॅस्टियन मॅकेन्झी यांनी २०२० मध्ये 'रोम' नावाचा प्रकल्प लोकांसमोर आणला. लिंटर, फॉरमॅटर, कंपायलर, बंडलर (अनेक फाइली एकत्र बांधणारं साधन), टेस्ट चालवणं, सगळं एकाच छत्राखाली आणायचा मनसुबा होता. त्यासाठी कंपनी निघाली, भांडवल आलं, सगळा कोड रस्ट या भाषेत नव्याने लिहायला घेतला, आणि २०२३ मध्ये कंपनी बंद पडली. कोड मुक्त परवान्याखाली होता, म्हणून इमानुएले स्टोप्पा आणि इतर योगदानकर्त्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो फोर्क करून (स्वतंत्र प्रत काढून) बायोम या नावाने पुढे चालू ठेवला. माझ्या मते त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय म्हणजे बंडलर वगैरेचा नाद सोडून फॉरमॅटर आणि लिंटर या दोनच गोष्टींवर बसणं. रोमच्या काळात मी ते वापरून पाहिलं असतं तर बहुधा दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं असतं.

आता प्रत्यक्ष वापर. इन्स्टॉल करताना आवृत्ती नेमकी बांधा, सूचना पानावरही तेच सांगितलं आहे. लहान आवृत्ती बदलली तरी फॉरमॅटिंगमध्ये किंवा नियमांमध्ये फरक पडू शकतो, आणि तो फरक एकाच्या लॅपटॉपवर आणि सीआयवर (आपोआप तपासणी चालवणाऱ्या सर्व्हरवर) वेगवेगळा दिसला की संशयाने दिवस वाया जातो. मग 'इनिट' चालवलं की एक छोटी बायोम डॉट जेसन फाइल तयार होते. टिप्पण्या लिहायच्या असतील तर जेसनसी चालतं. मी तेच ठेवते, कारण अमुक नियम का बंद केला हे त्याच ओळीशेजारी लिहिलेलं असावं.

स्थलांतराला दोन तयार कमांड आहेत, 'मायग्रेट प्रिटिअर' आणि 'मायग्रेट ईएसलिंट'. पहिली जवळजवळ निर्दोष. ती नक्की चालवा, कारण बायोमचं मूळ इंडेंटेशन टॅबचं आहे आणि प्रिटिअरचं दोन स्पेसचं. हाताने कॉन्फिग लिहायला गेलात आणि हे ध्यानात आलं नाही, तर रेपोतली एकूण एक ओळ हलते. दुसरी कमांड जुनं आणि फ्लॅट दोन्ही प्रकारचं कॉन्फिग वाचते, एक्सटेंड केलेले प्लगइनही उलगडून बघते, आणि बायोममध्ये ज्यांचे जोडीदार आहेत ते नियम नेऊन ठेवते. ज्या नियमांचा बायोमचा अवतार मूळापेक्षा थोडा वेगळा वागतो, ते मात्र ती आपणहून घेत नाही. त्यासाठी 'इन्क्लूड इन्स्पायर्ड' हा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) द्यावा लागतो. ही सावधगिरी मला आवडली. ईएसलिंटचं कॉन्फिग यॅमलमध्ये (जेसनसारख्या दुसऱ्या फाइल-स्वरूपात) असेल तर ते तिला वाचता येत नाही, आधी रूप बदलून घ्यावं लागतं. आणि या कमांडने काढलेली फाइल लांबलचक असते. तिच्यातले अर्धे नियम तसेही शिफारस केलेल्या संचात असतात. मी ती छापून घेतल्यासारखी वाचली आणि निम्म्याहून जास्त ओळी खोडल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका, कारण आपला एखादा नियम का अस्तित्वात आहे हे विचारायची संधी पुन्हा लवकर येत नाही.

एक खाचखळगा: गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फाइली बायोम आपणहून वगळत नाही. नोड मॉड्यूल्स फोल्डर ते सोडून देतं, पण बिल्डमधून निघालेल्या फाइलींसाठी कॉन्फिगमध्ये व्हीसीएसच्या (आवृत्ती-नियंत्रणाच्या) भागात 'यूज इग्नोर फाइल' चालू करावं लागतं. ते केलं नाही तर बिल्डच्या डिस्ट फोल्डरमधला मिनिफाय केलेला (दाबून लहान केलेला) कोड सुंदर इंडेंट होऊन समोर येतो. हे मूळातच चालू असायला हवं होतं.

फॉरमॅटरबद्दल तक्रारीला फार जागा नाही. प्रिटिअरशी ९७ टक्के सुसंगत असल्याचा त्यांचा दावा आहे, आणि माझा अनुभव त्याच्या जवळपासचा. यामागे एक मजेदार स्पर्धा आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात प्रिटिअरच्याच जुन्या शिलेदारांपैकी क्रिस्टोफर शेडो यांनी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं: रस्टमध्ये लिहिलेल्या ज्या फॉरमॅटरकडून प्रिटिअरच्या जावास्क्रिप्ट चाचण्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पास होतील, त्याला ते मिळणार. पुढे इतरांनीही रकमेत भर घातली आणि काही आठवड्यांतच बायोमने ते जिंकलं. आपल्याच प्रतिस्पर्ध्याला बळ द्यायला पैसे लावणं हे मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातच होऊ जाणे.

उरलेल्या तीन टक्क्यांत काय आहे? बरंचसं नगण्य. एक फरक मात्र कामाचा निघाला. प्रिटिअर काही बाबतीत दयाळू आहे. टाइपस्क्रिप्टच्या व्याकरणात न बसणारा कोड, उदाहरणार्थ ॲबस्ट्रॅक्ट नसलेल्या क्लासमध्ये ॲबस्ट्रॅक्ट प्रॉपर्टी, तेही मुकाट्याने फॉरमॅट करून देतं. बायोम तिथे सिंटॅक्स एरर म्हणून अडतं. एका जुन्या रेपोत अशा फाइली निघाल्या ज्या कुठेच इम्पोर्ट होत नव्हत्या, म्हणून कंपायलरच्या नजरेलाही पडल्या नव्हत्या. त्या काढून टाकल्या.

फॉरमॅटचा कमिट (गिटमधली बदलांची नोंद) एकटा ठेवा, त्यात दुसरं काहीही मिसळू नका. मग त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज या फाइलीत टाका. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडला) असे कमिट वगळायला सांगता येतं आणि गिटहबही ही फाइल वाचतं. लोक नव्या फॉरमॅटरला विरोध करतात त्यातला निम्मा विरोध 'ब्लेम खराब होईल' हाच असतो, तो इथे संपतो. उघड्या ब्रँचचं (अजून मुख्य शाखेत, म्हणजे मेनमध्ये, न आलेल्या कामाच्या शाखांचं) काय, हा दुसरा प्रश्न. तिथे युक्ती अशी: ब्रँचमध्ये आधी फॉरमॅटच्या कमिटच्या लगेच आधीपर्यंतचं मेन मर्ज करायचं, त्यावर तेच बायोम त्याच कॉन्फिगने चालवून कमिट करायचं, मग फॉरमॅटचा कमिट 'अवर्स' (आपलाच कोड ठेवणाऱ्या) स्ट्रॅटेजीने मर्ज करायचा, आणि त्यानंतर उरलेलं मेन. एवढं केलं की कॉन्फ्लिक्टचा पूर येत नाही. आमच्या गटातल्या एकाने हे तीन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये बसवलं आणि सगळ्यांनी निमूटपणे वापरलं.

एकत्रीकरणाचा खरा लाभ लिंटरच्या बाजूला जाणवतो. बायोम फाइल एकदाच पार्स करतं आणि त्याच ट्रीवर फॉरमॅटर, लिंटर आणि इम्पोर्टची मांडणी तिन्ही कामं करतं. 'चेक' ही एक कमांड, 'राइट' फ्लॅग दिला की दुरुस्तीही. लिंटरने केलेली दुरुस्ती फॉरमॅटरला मान्य नाही, असं घडायला जागाच उरत नाही. सीआयसाठी वेगळी 'सीआय' कमांड आहे, ती काहीही लिहीत नाही, फक्त तपासते.

दुरुस्त्यांचे दोन वर्ग केलेत, सेफ आणि अनसेफ. अर्थ बदलण्याची शक्यता असलेली दुरुस्ती तुम्ही वेगळा फ्लॅग दिल्याशिवाय लागू होत नाही. रिॲक्टच्या यूजइफेक्टच्या डिपेंडन्सी यादीत (काय बदललं की ते पुन्हा चालावं त्या यादीत) राहिलेलं नाव भरणं ही त्यांच्या लेखी अनसेफ दुरुस्ती आहे, आणि ते अगदी बरोबर आहे: तिथे डोळे झाकून नाव भरलं की कॉम्पोनंट स्वतःलाच पुन्हा पुन्हा रेंडर करत बसू शकतो.

नियम दाबायचा असेल तर 'बायोम-इग्नोर' टिप्पणीत नियमाचं पूर्ण नाव आणि कोलननंतर कारण लिहावं लागतं. कारणाशिवाय ती टिप्पणी धरलीच जात नाही. ईएसलिंटमध्ये 'डिसेबल नेक्स्ट लाइन' एवढं लिहून पुढे सरकायची सवय लागलेल्यांना हे जाचक वाटतं. आमच्याकडे पहिले काही दिवस कारणाच्या जागी 'नंतर बघू' असंच दिसायचं. मी पीआरमध्ये विचारत गेले, 'नंतर म्हणजे कधी?' आता कारणं बरी येतात. ज्या टिप्पणीची गरज संपली आहे तिच्याबद्दलही बायोम सांगतं, त्यामुळे जुनी दडपणं कोपऱ्यात पडून राहत नाहीत.

एरर संदेशांचं मला मनापासून कौतुक आहे. कोडचा तुकडा, नेमकी जागा, हे चूक का आहे याचं एक वाक्य, आणि दुरुस्ती केली तर काय दिसेल त्याचा डिफ, सगळं टर्मिनलमध्येच. नवीन आलेल्या मुलामुलींना मी नियमांचं पान वाचायला पाठवायचे, आता पाठवत नाही.

टाइप (मूल्याचा प्रकार) समजून काम करणारे नियम ही मात्र वेगळी गोष्ट. जून २०२५ मध्ये आलेल्या २.० मध्ये बायोमने टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरला हात न लावता स्वतःच टाइपचा अंदाज बांधायला सुरुवात केली. 'नो फ्लोटिंग प्रॉमिसेस' हा त्यातला महत्त्वाचा नियम: अवेट न करता (पूर्ण होण्याची वाट न बघता) सोडून दिलेलं प्रॉमिस (निकाल नंतर देणारं काम) पकडायचं. टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट जितकी प्रकरणं पकडतं त्यातली साधारण ७५ टक्के आपण पकडतो, असं त्यांनीच तेव्हा प्रामाणिकपणे जाहीर केलं होतं. फंक्शन आपल्याच फाइलीत किंवा शेजारी असेल तर ते छान ओळखतं. लायब्ररीच्या जेनेरिक टाइपांच्या तीन थरांखालून येणारं प्रॉमिस निसटू शकतं. आमच्या बहुतेक रेपोंत एवढं पुरतं. जिथे सुटलेलं प्रॉमिस म्हणजे न लिहिली गेलेली नोंद, अशा एका रेपोत मी टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट फक्त त्या एका नियमासाठी सीआयवर ठेवलं आहे, एडिटरमध्ये नाही. एकत्रीकरणाच्या शुद्धतेला त्यामुळे बट्टा लागतो, लागू दे.

हे नियम, किंवा इम्पोर्टची चक्रं शोधणारा नियम, चालू केले की बायोमला सगळा प्रकल्प आधी चाळून घ्यावा लागतो आणि वेग खाली येतो. बाकी वेगाबद्दल काय बोलायचं! त्यांच्या संकेतस्थळावरचा आकडा २,१०४ फाइली आणि १,७१,१२७ ओळी फॉरमॅट करताना प्रिटिअरच्या सुमारे ३५ पट वेग, असा आहे. माझ्या मशीनवर पट मोजायची गरज वाटली नाही. कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या तपासणीला (हुकला) लोक कंटाळून 'नो व्हेरिफाय' देऊन पळवाट काढायचे, ते थांबलं, एवढं मला पुरे. कमिटसाठी निवडलेल्या फाइलीच तपासणारा 'स्टेज्ड' फ्लॅग असल्यामुळे लिंट-स्टेज्ड हे पॅकेजही काढता आलं.

इम्पोर्ट लावण्याची पद्धत विचारपूर्वक केली आहे. नोडची अंगभूत मॉड्यूल आधी, मग पॅकेजेस, मग जवळच्या फाइली, म्हणजे दुरून जवळ. नुसत्या परिणामासाठी केलेला इम्पोर्ट, जसं सीएसएस फाइल किंवा पॉलिफिल, आला की ते त्याला ओलांडून काही हलवत नाही. जुन्या प्लगइनमध्ये ही शिस्त आम्हाला नियम लिहून लावावी लागायची.

मोनोरेपोची (एकाच रेपोत अनेक पॅकेजेस असण्याची) सोय २.० पूर्वी ओढूनताणून होती. आता प्रत्येक पॅकेजमध्ये स्वतःची कॉन्फिग फाइल ठेवता येते, तिच्यात 'रूट' फॉल्स करायचं आणि 'एक्सटेंड्स'मध्ये दोन तिरक्या रेघा लिहायच्या, की मुळातलं कॉन्फिग वारसाने मिळतं. १ वरून २ वर जाताना मायग्रेट कमांडने बरंच काम केलं, पण फाइल निवडण्याची पद्धत बदलली असल्यामुळे ग्लॉब पॅटर्न (फाइली निवडायचे नमुने) मला हाताने तपासावे लागले. शिवाय जुनं वागणं टिकवण्यासाठी ती स्टाइलचे बरेच नियम कॉन्फिगमध्ये उघड लिहून ठेवते; तेही पुन्हा एकदा वाचून छाटले.

एडिटरबद्दल एकच सूचना. व्हीएस कोडच्या सेटिंग्जची फाइल रेपोत कमिट करा आणि त्यात डिफॉल्ट फॉरमॅटर बायोम असल्याचं लिहा. प्रत्येकाच्या मशीनवर प्रिटिअरचं एक्सटेन्शन वर्षानुवर्षं बसलेलं असतं आणि ते आपणहून निवृत्त होत नाही.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. मार्कडाउन आणि यॅमल अजून बायोमच्या हातात नीट आलेलं नाही. सॅसचंही तेच. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, जेएसएक्स, जेसन उत्तम. सीएसएस आणि ग्राफक्यूएल २०२४ च्या १.९ पासून चांगलं. व्ह्यू, स्वेल्ट आणि ॲस्ट्रोच्या फाइलींचा आधी फक्त स्क्रिप्टचा भाग बघितला जायचा, त्यामुळे टेम्प्लेटमध्ये वापरलेलं व्हेरिएबल 'न वापरलेलं' म्हणून लाल व्हायचं. २.३ पासून पूर्ण फाइल वाचण्याचा आधार आला आहे, पण प्रायोगिक म्हणून. प्रायोगिक लिहिलेलं असताना मी ते रोजच्या कामाच्या रेपोत चालू करणार नाही. म्हणून आमच्या दस्तऐवजांच्या रेपोत, जिथे निव्वळ मार्कडाउन आणि यॅमल आहे, प्रिटिअर एकटंच सुखाने नांदतं आहे. भांडायला समोर कोणी नसलं की ते फार गुणी हत्यार आहे.

आणि कोणी ऑक्सलिंटबद्दल विचारण्याआधी: व्ह्यू आणि व्हीट ज्यांचं, त्या एव्हन यू यांच्या व्हॉइडझीरो कंपनीचं हे लिंटर, जून २०२५ मध्ये १.० झालं. वेगाला तोड नाही. मोठ्या जुन्या कोडमध्ये ईएसलिंटच्या आधी चालवून सोप्या चुका झटकन पकडायच्या, या कामाला मी ते सुचवेन. पण ते लिंटर म्हणून जन्माला आलं, फॉरमॅटरची गोष्ट मागाहून सुरू झाली. मला ज्या दुखण्यावर औषध हवं होतं ते दोघांमधल्या कुरबुरीचं होतं, म्हणून मी बायोमकडे गेले.

दुसरा मागे राहिलेला रेपो म्हणजे आमची डिझाइन सिस्टिम (सगळ्या गटांनी वापरायच्या कॉम्पोनंटचा संच). तिच्यासाठी आम्ही ईएसलिंटचे स्वतःचे नियम लिहिलेले आहेत. जुन्या कॉम्पोनंटचं नाव दिसलं की ते नुसतं ओरडत नाहीत, नवं नाव घालतात, प्रॉप्स बदलतात, इम्पोर्टही हलवतात. बायोमच्या २.० मध्ये ग्रिटक्यूएल या क्वेरीच्या भाषेत प्लगइन लिहायची सोय आली. मी तिच्यात एक नियम लिहून पाहिला, कॉम्पोनंटमधून थेट फेच (सर्व्हरकडून माहिती मागवणारं फंक्शन) बोलावला की इशारा देणारा. पाच-सहा ओळींत झाला, कारण पॅटर्न म्हणजे जवळजवळ तोच कोड, फक्त बदलत्या जागी डॉलरचं चिन्ह लावलेलं नाव. ईएसलिंटमध्ये त्यासाठी नोडचे प्रकार आणि व्हिजिटर शोधत बसावं लागलं असतं. पण ही सोय आली तेव्हा ती फक्त इशारा देऊ शकत होती, दुरुस्ती नाही. आमच्या नियमांचं सगळं मोल दुरुस्तीत आहे. आमचं पॅकेज वापरणारे गट आवृत्ती वाढवतात आणि फिक्स चालवतात, एवढ्यावर त्यांचं काम भागतं. त्यांच्या हातात फक्त इशाऱ्यांची यादी दिली तर आवृत्ती कोणीच वाढवणार नाही. म्हणून तिथला कोड बायोम फॉरमॅट करतं, नियम ईएसलिंट चालवतं, आणि दोघांच्या मधलं कॉन्फिग मी स्वतः सांभाळते.